वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर ज्ञानाचे चित्र कसे असावे?

प्रश्न : वाचनालय-कार्यवाह

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आमच्या इमारतीची एक लांबरुंद भिंत बाजारपेठेकडे आहे आणि एस.टी. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिच्यावर पडते. या भिंतीवर कायमस्वरूपी भित्तिचित्र करून घ्यावे आणि त्याचा विषय ‘ज्ञान’ असावा, असे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. आतापर्यंत तीन सूचना आल्या आहेत. पहिली वीणाधारी सरस्वतीची, दुसरी उघड्या ग्रंथातून निघणाऱ्या किरणांची आणि शेजारी तेवणाऱ्या समईची, तर तिसरी ज्ञानेश्वरांपासून डॉ. आंबेडकरांपर्यंतच्या थोर व्यक्तींना एका ओळीत उभे करण्याची.

यांपैकी कोणत्याही सूचनेला माझा तात्त्विक विरोध नाही. तरीही तिन्ही चित्रे मनात उभी केली की असे जाणवते की त्यांत ज्ञान कोणाजवळ तरी आधीच जमा झालेले आहे आणि पाहणाऱ्याने हात जोडून पुढे जावे, एवढेच काम त्याच्यासाठी उरले आहे. वाचनालय तर नेमके याच्या उलट तत्त्वावर चालते. येथे कपाटातील पुस्तक एखाद्या अनोळखी घरी आठ दिवस राहते, तिथल्या दोघातिघांच्या हातांखालून जाते आणि पाने थोडी मऊ होऊन परत येते.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जात असताना दाखवणारी चित्रे किंवा शिल्पे आपल्याकडे अथवा अन्यत्र आहेत काय? आणि अशा कलाकृतींनी सार्वजनिक जीवनात ज्ञान पोहोचवण्याचे काम खरोखर केले, की त्या शोभेपुरत्याच राहिल्या? सरस्वती हवी की नको, हा वाद आमच्या बैठकांत पुरेसा झाला आहे, त्यामुळे तो येथे टाळल्यास उपकार होतील.

उत्तर १ : लेणीप्रेमी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्यात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या व्हरांड्यात डाव्या टोकाच्या भिंतीवर एका प्रचंड चक्राचा काही भाग शिल्लक आहे. बराचसा रंग गळून गेला असला तरी चक्राचे आरे, त्यांच्यामधले माणसांचे लहान लहान प्रसंग आणि ते सारे चक्र धरून ठेवणारे हात अजूनही ओळखू येतात. हे भवचक्र आहे. जन्म, मृत्यू, कर्म आणि त्यांची फळे यांविषयीचा बौद्ध विचार त्यात एका वर्तुळात मांडलेला आहे, आणि तो गाभाऱ्याजवळ न मांडता आत शिरणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी, म्हणजे तुमच्या भिंतीसारख्या दर्शनी भागावर मांडलेला आहे.

असे चक्र दारातच का रंगवायचे, याची कथा दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात येते. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन स्वर्ग-नरकासारख्या इतर लोकांत संचार करून परत येत आणि तेथे पाहिलेल्या सुखदुःखांचे वर्णन लोकांना ऐकवत, त्यामुळे त्यांच्याभोवती फार गर्दी होऊ लागली. तेव्हा बुद्ध म्हणाले की मौद्गल्यायन काही सगळीकडे असू शकणार नाहीत, म्हणून विहाराच्या द्वारकोष्ठात पाच आऱ्यांचे चक्र रंगवून घ्यावे. एका माणसाचे सांगणे त्या माणसावाचूनही चालू राहावे, यासाठी चित्र काढण्याचा विचार इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला दुसरीकडे आढळलेला नाही.

कथा मात्र तेथे संपत नाही. चित्र तयार झाले, लोक येऊन ते पाहू लागले आणि हे काय आहे, असे भिक्षूंना विचारू लागले. भिक्षूंना ते सांगता येईना. मग दारात एक भिक्षू नेमावा असे ठरले. पहिल्यांदा कोणालाही उभे केले गेले आणि त्यालाही काही सांगता येईना, तेव्हा समजावून सांगण्यास समर्थ असलेलाच भिक्षू नेमावा, असा नियम झाला. कोणत्याही संस्थेच्या कारभाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हा मधला टप्पा वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही.

सांगणारा नाहीसा झाला की काय होते, तेही याच लेण्याने दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय मंडळी येथे येऊ लागली तेव्हा त्यांना हे वर्तुळ राशिचक्र वाटले आणि काही काळ या लेण्याला राशिचक्राचे लेणे म्हटले जात होते. चित्र तेच होते, त्याच्या शेजारी उभे राहून बोलणारे कोणी उरले नव्हते.

आपल्या कोकणात हीच जोडी फार नंतरपर्यंत टिकली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी तुम्ही पाहिली असेल. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेले असतात, त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात आणि सांगणारा वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने एकेक चित्र समोर धरून कथा गातो. या पोथीत मजकूर नसतो, कारण वाचणे हे काम तिच्या मालकाचा कंठ करतो. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना या कलेचे नाव प्रथमच कळले.

माझे म्हणणे इतकेच आहे की आपल्या परंपरेत चित्राने एकट्याने शिकवावे, अशी अपेक्षा फारशी नव्हती. भिंत रंगवताना तिच्यासमोर कोण बोलणार आहे, हेही मंडळाने त्याच बैठकीत ठरवावे.

उत्तर २ : चौकातला वाचक

लेणीप्रेमी यांचे उत्तर आवडले. परंतु मूळ प्रश्नातील एका गृहीतकाशी मी सहमत नाही. हातात पुस्तक असलेली मूर्ती म्हणजे ज्ञान कोणाजवळ तरी जमा झाले आहे असे दाखवणे, हे सर्वच मूर्तींना लागू होत नाही. पुस्तक कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे लागते.

महाराष्ट्रातील गावोगावच्या चौकांत बाबासाहेबांचा जो पुतळा दिसतो, त्याची ठेवण सर्वांच्या परिचयाची आहे. अंगात कोट, एका हातात छातीशी धरलेले संविधान आणि दुसरा हात वर करून पुढे रोखलेले बोट. दिल्लीत संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झालेला, शिल्पकार ब्र. वि. वाघ यांनी घडवलेला पुतळा याच ठेवणीचा आहे आणि पुढे सिमेंटपासून पितळेपर्यंत मिळेल त्या साहित्यात तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. कलासमीक्षक त्या पुतळ्यांकडे सहसा वळत नाहीत. एकासारखा एक, अवयवांचे प्रमाण चुकलेले, रंग भडक, असे शेरे मारून ते मोकळे होतात.

पण ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षराजवळ फिरकू दिले गेले नाही, त्याने वर्गणी काढून आपल्या वस्तीच्या तोंडाशी पुस्तक धरलेला माणूस उभा करणे, ही घटना केवळ शोभेची नाही. हा माणूस पुस्तकावर मान वाकवून बसलेला नाही. तो उभा आहे, रस्त्याकडे पाहतो आहे आणि त्याचे बोट पाहणाऱ्याला कुठेतरी जायला सांगते आहे. येणाऱ्याने हात जोडावेत, इतक्यावर हा पुतळा थांबत नाही. पुतळ्याभोवती जे घडते तेही या अर्थाचाच भाग आहे. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांची जेवढी दुकाने लागतात आणि तेथून हातात पिशव्या घेऊन गावी परतणारे जेवढे वाचक दिसतात, तेवढे पाहिल्यावर मराठी माणूस पुस्तके विकत घेत नाही, हे विधान कोणी सहज करणार नाही. गेल्या काही वर्षांत हार-फुलांऐवजी वही आणि पेन अर्पण करण्याची प्रथाही अनेक ठिकाणी रुजली असून त्या वह्या पुढे गरजू मुलांना वाटल्या जातात. पुतळ्याच्या हातातील वस्तूने पाहणाऱ्याच्या हातातील वस्तू बदलली, असे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

कोल्हापूरच्या बिंदू चौकाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे शेजारी-शेजारी बसवले गेले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. दोघांना एका ठिकाणी आणण्यामागे एक विचार होता. एकाने दुसऱ्याला गुरू मानले होते. तुमच्या मंडळाच्या तिसऱ्या सूचनेत अशा नात्याला जागाच नाही. सात-आठ थोर पुरुष एकमेकांकडे न पाहता ओळीने उभे केले की कोण कोणाकडून काय शिकले, हे पुसले जाते आणि चित्राची किंमत शाळेच्या भिंतीवरील तसबिरींइतकीच उरते. शिवाय त्या रांगेत बाई किती असतात, हेही एकदा मोजून पाहावे.

उत्तर ३ : जलरंग

मी चित्रकला शिकवतो, म्हणून केवळ चित्राच्या बाजूने लिहितो. ज्ञान दाखवायचे असेल तर माझ्या मते जाणणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याचा चेहरा रंगवणे अधिक फलदायी असते, आणि मोठ्या चित्रकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते.

व्हॅटिकनमध्ये राफाएलने १५०९ ते १५११ या काळात रंगवलेले ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र बहुतेकांनी पुस्तकांत पाहिलेले असते. त्याच्या मध्यभागी प्लेटो आणि ॲरिस्टॉटल आपापले ग्रंथ घेऊन चालत येताना दिसतात आणि लोकांचे लक्ष तेथेच राहते. खरी गंमत उजव्या कोपऱ्यात खाली आहे. भूमितीचा आचार्य युक्लिड कमरेत वाकून जमिनीवरच्या पाटीवर कंपासने आकृती काढतो आहे आणि त्याच्याभोवती चार तरुण गोळा झाले आहेत. एक गुडघे टेकून आकृतीत डोके खुपसून बसला आहे, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतो आहे, तिसऱ्याला ती बहुधा उमगली आहे, कारण तो मागे वळून चौथ्याशी बोलू पाहतो आहे. समजण्याच्या पायऱ्या चार चेहऱ्यांवर वाटून दिल्या आहेत. गुरूचा चेहरा तर वाकल्यामुळे अर्धाच दिसतो आणि टक्कल मात्र पूर्ण दिसते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील डर्बी येथील जोसेफ राइट यांचे, साधारण १७६६ मधले. सूर्यमालेची यांत्रिक प्रतिकृती मधोमध ठेवलेली आहे, सूर्याच्या जागी दिवा लावला आहे आणि एक व्याख्याता ग्रहांची गती समजावून सांगतो आहे. दिवा आपल्याला दिसत नाही, कारण पाठमोरी उभी असलेली एक व्यक्ती तो झाकते; दिसतात ते त्या उजेडाने तोंड उजळलेली मुले आणि टिपण घेणारा एक गृहस्थ. ज्या सदस्यांना समई हवी आहे, त्यांनी हे चित्र जरूर पाहावे. प्रकाश ज्यांच्यावर पडतो ती माणसे चित्रात असली की समईला काही काम मिळते.

सरस्वतीबाबत वाद नको असे कार्यवाहांनी म्हटले आहे, तो मी करत नाही. फक्त एक माहिती देतो. आज जी सरस्वती आपल्या डोळ्यांसमोर येते, ती घडवण्यात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा मोठा वाटा आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना रंगीत शिळाछापाची चित्रे काढत असे आणि ती घरांत, दुकानांत, शाळांत जाऊन पोहोचली. पण याच मुलखात सरस्वतीचे एक निराळे रूपही आहे. दसऱ्याला पाटीपूजनासाठी मुले ‘१’ हा आकडा पुन्हा पुन्हा काढून, त्यांची सममित मांडणी करून पाटीवर सरस्वती काढतात. न चेहरा, न वीणा. नुकताच गिरवायला शिकलेला आकडा घेऊन मुलाने स्वतःच्या हाताने केलेली ही रचना मला दृश्यदृष्ट्या रविवर्म्यांच्या चित्राहून अधिक ताजी वाटते, आणि मोठ्या भिंतीवर ती फार सुंदर दिसेल.

एक इशाराही देतो. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या २४ दगडी आकृती आहेत. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते हिंदुस्थानात कधीच आले नव्हते. मनोऱ्याला लागून ग्रंथालय आहे, बाहेर समाजातील सर्व थरांचे लोक कोरलेले आहेत, म्हणजे कागदावर हवे ते सारे जमले आहे. प्रत्यक्षात त्या आकृती पोशाखांचे नमुने म्हणून उंचावर उभ्या आहेत आणि खालून जाणारा मुंबईकर त्या कधी पाहतही नाही. तुमच्या भिंतीवर शेतकरी, कोळीण, वारकरी आणि विद्यार्थी असे प्रतिनिधी उभे करण्याचा मोह होईल, तो आवरावा.

व्यवहाराचे थोडे : काम पावसाळा सरून भिंत पूर्ण वाळल्यावरच सुरू करा, आतून ओल येत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा आणि बाहेरच्या भिंतीसाठी असलेले ॲक्रिलिक रंगच वापरा. साताऱ्याकडच्या पावसात यात कसूर झाली तर दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटू लागतात.

वाचनालय-कार्यवाह

सर्वांचे आभार. ‘चौकातला वाचक’ यांची हरकत योग्य आहे आणि रांगेची सूचना मी आता मंडळापुढे नव्या रीतीने मांडीन. परंतु अजिंठ्याचा समर्थ भिक्षू आम्ही आणायचा कोठून? आमच्याकडे एकच ग्रंथपाल आहेत आणि त्यांचा दिवस देवघेवीत व अनुदानाच्या कागदपत्रांत जातो. भिंतीपुढे रोज उभे राहून बोलणारे माणूस मिळणे अशक्य आहे. माणसावाचून भिंत बोलती ठेवण्याचा काही मार्ग आहे काय?

उत्तर ४ : पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द आमच्या खात्यात बराच काळ वापरात आहे, त्यामुळे त्या केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प होतात, हे जवळून पाहिले आहे.

शाळा रंगवायची म्हटली की पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, ऋतू, वाहतुकीचे नियम असे सारे भिंतींवर येते आणि पाहणी करणारे अधिकारी प्रसन्न होतात. महिन्याभराने मुलांच्या लेखी ती भिंत पुन्हा नुसती भिंत होते. कारणे अगदी साधी आहेत. मजकूर खिडकीच्या वर, मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असतो, मुलाला त्याला हात लावता येत नाही आणि त्यात पुढे काहीही बदलत नाही. याच्या उलट आपल्याच जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका देखरेखीखालच्या गटातल्या, शाळांनी वर्गाच्या फरशीवर आकृत्या आखल्या आणि मुले त्यांच्यावर बसून, खडे मांडून, उड्या मारून शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. त्या आकृत्या कलादृष्ट्या सामान्यच होत्या, परंतु त्या वापरण्यासाठी काढलेल्या होत्या.

म्हणून सुचवते की भिंतीचा तिसरा हिस्सा रंगवूच नये. तेथे चांगला काळा फळा करावा. गावांत आजही वार्ताफलक वाचायला लोक थांबतात, कारण काल त्यावर दुसरे काही होते. आठवड्यातून एकदा त्यावर एका विषयाची आठ-दहा वाक्ये लिहावीत. मजकुराची चणचण भासणार नाही : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभा केलेला मराठी विश्वकोश वीस खंडांचा आहे, आज तो महाजालावर विनामूल्य वाचता येतो आणि वाई तुमच्याच जिल्ह्यात आहे. लिहिणारे दर आठवड्याला वेगळे असावेत. माध्यमिक शाळेच्या मुलींना ही पाळी दिली तर त्या ग्रंथपालांपेक्षा नेटाने सांभाळतील. ज्या मुलीने मजकूर लिहिला, तिला वाटेवरचा माणूस त्याबद्दल विचारतोच, आणि लेणीप्रेमी यांना हवे असलेले समजावून सांगणे तेथे आपोआप सुरू होते. फळ्याऐवजी मोबाइलने टिपायचा चौकोनी कोड लावावा, असे कोणीतरी मंडळात सुचवेलच. तो लावायला हरकत नाही. मात्र भिंतीसमोर घोळका जमावा असे वाटत असेल तर प्रत्येकाला आपापल्या पडद्यात पाठवून उपयोग नाही.

उरलेल्या दोन हिश्श्यांवर काय काढावे, यासाठीही लांब जाण्याचे कारण नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. प्रौढ स्त्री-पुरुषांना लिहिता-वाचता यावे यासाठी शिक्षकांबरोबर गावातील शिकलेली माणसे कामाला लागली, पूर्ण साक्षर झालेल्या गावांत ग्रामगौरव समारंभ झाले आणि काही वर्षांतच शासनाने ही मोहीम राज्यभर नेली. शिकणाऱ्याचे चेहरे रंगवा, असे जलरंग म्हणतात. ते चेहरे तुमच्या तालुक्यात होते. त्यांच्या घरांत जुने फोटो किंवा त्या काळातली पुस्तके, वह्या असतील. वाचनालयाने आवाहन केले तर काही हाती लागेल. सासूला अक्षर गिरवायला शिकवणारी सून काढली, तर ‘चौकातला वाचक’ यांची बायका मोजण्याची अडचणही सुटेल.

चौकातला वाचक

पाटीपेन्सिल यांच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा आहे, एका अटीसह. शिकवणारी व्यक्ती उंच आसनावर आणि शिकणारे खाली जमिनीवर, अशी मांडणी चित्रकाराच्या हातून सवयीने होते. कच्चा आराखडा मंजूर करताना मंडळाने तेवढे तपासावे. मोहिमेत शिकवणारे आणि शिकणारे एका ओसरीवर बसले असतील तर चित्रातही ते एकाच पातळीवर असावेत, आणि वस्ती कोणती हेही चित्रातून कळावे.

जलरंग

फळा बाजारपेठेकडच्या भिंतीवर असेल तर त्यावर छोटी पडवी काढा, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीत आठवड्याचा मजकूर वाहून जाईल. आणि फळ्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांपेक्षा वर नेऊ नका, म्हणजे लहान मुलांनाही लिहिता येईल. ती वाटेल ते लिहितील, हे धरूनच चाला. आराखडा तयार झाला की येथे दाखवा. रंगांच्या छटांबद्दल तेव्हा बोलू.